बोटीच्या एक्झॉस्टला सायलेन्सर बसवताना: आवाज, पाण्याची पातळी आणि बॅक प्रेशर

प्रश्न असा आहे. ३४ फुटी, जुनी विकत घेतलेली फायबरची बोट. मध्यभागी सहा सिलिंडरचे एकच टर्बो डिझेल इंजिन, साधारण २२० अश्वशक्तीचे. एक्झॉस्टचा पाच इंची होज (जाड रबरी नळी) इंजिनापासून निघून थेट मागच्या फळीतून बाहेर पडतो आणि वाटेत सायलेन्सर नाही. मोसमात बोट मुंबईला गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधून) असते, सुट्टीच्या दिवशी मांडव्याला जाते, आणि मागच्या बाकावर बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. मुंबईच्या दारूखाना भागातल्या एका विक्रेत्याने ट्रकचा स्टेनलेस सायलेन्सर सुचवला आहे, तर एका मित्राने एक्झॉस्ट पाण्याखालून सोडण्याचा सल्ला दिला आहे. यांपैकी काय करावे आणि त्यामुळे इंजिनाला अपाय होईल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही सल्ले आपल्या बोटीला लागू पडत नाहीत. सायलेन्सर अवश्य बसवता येईल आणि आवाजात स्पष्ट फरकही पडेल. मात्र ओल्या एक्झॉस्टमधला, म्हणजे गरम गॅसमध्ये समुद्राचे पाणी मिसळून तो थंड करणाऱ्या रचनेतला, सायलेन्सर हे आधी पाण्याचे भांडे असते आणि मग आवाज कमी करणारे साधन. इंजिन बंद केल्यावर त्या भांड्यातले आणि होजमधले पाणी कुठवर उभे राहणार आहे, हे ठरवल्याशिवाय कोणत्या कंपनीचा सायलेन्सर चांगला या चर्चेला अर्थ नाही. या धंद्यात पाणी शिरून बसलेली जी इंजिने उघडावी लागतात, त्यांतली बरीचशी समुद्रात बुडालेली नसतात; त्यांच्यात पाणी त्यांच्याच एक्झॉस्टमधून मागे आलेले असते.

त्याही आधी, त्रास देणारा आवाज एक्झॉस्टचाच आहे याची खात्री करून घ्यावी. डेसिबल हे लघुगणकी माप आहे. समजा, मागच्या बाकावर एक्झॉस्टचा आवाज ८५ डेसिबल आहे आणि इंजिन, गिअरबॉक्स व पंखा (प्रोपेलर) यांचा मिळून आवाजही ८५ डेसिबल आहे. दोन्हींची बेरीज ८८ डेसिबल होते. उद्या एक्झॉस्ट पूर्णपणे मुका केला तरी कानावर ८५ डेसिबल पडत राहतील, म्हणजे घट अवघी ३ डेसिबलची. आणि आवाज निम्म्यावर आल्यासारखे वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते. महागडा सायलेन्सर बसवूनही काहीच फरक पडला नाही अशी तक्रार करणाऱ्या मालकांच्या बोटीत बहुतेक वेळा हेच झालेले असते.

तपासणी साधी आहे. मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे ॲप अचूक नसते, पण एकाच फोनने, एकाच जागी, आधी आणि नंतर घेतलेल्या मोजमापांची तुलना करायला ते पुरते. मूरिंगवर इंजिन मंद गतीत ठेवून एक्झॉस्टच्या तोंडापासून एक मीटरवर, मागच्या बाकावर आणि सुकाणूपाशी मोजावे. मग खुल्या पाण्यात नेहमीच्या वेगाला पुन्हा शेवटच्या दोन जागी मोजावे. नेहमीच्या वेगातच एका माणसाने इंजिनाचे झाकण जपून थोडे उचलावे. बाकावरचा आवाज जेमतेम २-३ डेसिबलने वाढला, तर ते झाकण बंद असतानाही आवाज अडवत नाही असे समजावे. आणि मग पहिला खर्च झाकणाखाली ध्वनिरोधक थर लावण्यावर व कडांना रबराची पट्टी लावून फटी बुजवण्यावर करावा. इंजिनाच्या एखाद्या ठरावीक फेऱ्यांवरच बोट घुमत असेल, तर शाफ्टचे अलाइनमेंट, इंजिनाचे माउंटिंग आणि पंख्याची पाती पाहावीत. आपल्या बंदरात तरंगत्या जाळ्यांचे आणि दोरांचे तुकडे पंख्यात येणे नवे नाही, आणि वाकलेल्या पात्याचा आवाज कोणताही सायलेन्सर कमी करू शकत नाही.

तरीही आपल्या वर्णनावरून, पाच इंची उघडा होज आणि त्यात काहीच नाही, हे पाहता एक्झॉस्टचा वाटा मोठा असणार, असे माझे मत आहे. त्या आवाजाचे स्वरूप समजून घेतले तर निवड सोपी होते. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात दर फेरीला तीन स्फोट होतात. त्यामुळे मिनिटाला २२०० फेऱ्यांवर मुख्य सूर ११० हर्ट्झचा आणि मंद गतीला, ७०० फेऱ्यांवर, ३५ हर्ट्झचा असतो. हे खालचे सूर आहेत आणि त्यांची तरंगलांबी मीटरमध्ये मोजावी लागते. दोन वीत लांबीचा आटोपशीर सायलेन्सर वरच्या पट्टीतला कडकडाट काढतो, पण छातीत जाणवणारी घरघर तशीच ठेवतो. ती कमी करायला आकारमान लागते, आतले कप्पे लागतात आणि मुख्य म्हणजे गॅसला पाण्यातून वाट काढावी लागते.

आता मुख्य मुद्दा. ओल्या एक्झॉस्टमध्ये समुद्राचे पाणी पंपाने उचलले जाते, हीट एक्स्चेंजरमधून फिरते आणि टर्बोनंतरच्या एल्बोमध्ये (वाकड्या जोडात) गरम गॅसमध्ये मिसळते. पाणी मिसळण्याआधी भारित डिझेलचा गॅस ४०० अंश सेल्सिअसच्या पुढे असू शकतो. मिसळल्यावर तो होजला सोसेल इतका थंड होतो. या एल्बोतली पाणी सोडण्याची जागा समुद्राच्या पातळीपेक्षा किती वर आहे, यावर आपली पुढची सगळी मांडणी ठरते. बोटीत नेहमीएवढी माणसे, पाणी आणि डिझेल असतानाची पातळी धरायची. रिकाम्या बोटीची धरू नये. मोजण्यासाठी गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब उत्तम: एक टोक मागच्या फळीवरून बाहेर समुद्राच्या पातळीशी धरावे, दुसरे इंजिनापाशी, आणि ट्यूबमधल्या पाण्याची रेघ इंजिनावर खडूने आखून घ्यावी. गेटवेसमोर येणाऱ्या-जाणाऱ्या लाँचच्या लाटांमुळे हे माप नीट येत नाही. मांडव्याला ब्रेकवॉटरच्या आत, सकाळच्या शांत पाण्यात ते घ्यावे.

पाणी सोडण्याची ही जागा समुद्राच्या पातळीपेक्षा ३० सेंटीमीटर किंवा त्याहून वर असेल आणि तिथून मागच्या फळीपर्यंत सलग उतार मिळत असेल, तर आपले काम सोपे आहे. होजच्या वाटेत सरळ प्रवाहाचा, मोठ्या पोटाचा इनलाइन सायलेन्सर बसवावा. उतार दर मीटरला किमान ४ सेंटीमीटर असावा आणि मध्ये कुठेही झोळ पडता कामा नये, कारण झोळात साचलेले पाणी बोट पुढे झुकली की इंजिनाकडे वाहते. वेगाने जाणाऱ्या, अशा ताकदीच्या इंजिनाच्या बोटीला मला हीच रचना पसंत आहे. ती पाणी उचलायला भाग पाडत नाही आणि बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला अडथळा होऊन इंजिनावर येणारा उलटा दाब, फार वाढवत नाही.

इंजिन खाली बसलेले असेल आणि एवढी उंची मिळत नसेल, तर वॉटरलॉक प्रकारचा सायलेन्सर लागतो. इंजिनाच्या मागे, त्याच्यापेक्षा खाली एक बंद टाकी असते. पाणी तिच्यात पडते, गॅसचा दाब ते पाणी दुसऱ्या नळीतून वर ढकलतो, आणि होज उंच कमान घेऊन मग बाहेरच्या तोंडाकडे उतरतो. आवाज कमी करण्यात हा प्रकार सरस आहे. धोका मात्र त्याच्या आकारात आहे. इंजिन बंद होताच चढत्या नळीतले पाणी टाकीत परत येते. पाच इंची, म्हणजे सुमारे १२५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजच्या एका मीटरमध्ये १२ लिटरपेक्षा थोडे जास्त पाणी मावते. चढती नळी सव्वा मीटरची असेल तर ती पूर्ण भरलेली समजून १५ लिटर धरावेत, त्यात टाकीत नेहमी राहणारे पाणी मिळवावे, आणि तरीही टाकीतली पातळी आत येणाऱ्या नळीच्या तोंडाखाली राहिली पाहिजे. विक्रेत्याला टाकीची एकूण क्षमता विचारून उपयोग नाही. आत येणाऱ्या नळीच्या खाली किती लिटर मावतात, ते विचारावे. कमानीचा माथा समुद्राच्या पातळीपेक्षा किमान ३० सेंटीमीटर वर हवा. मूरिंगवर मागच्या फळीला रोज लाँचच्या लाटा थडकणार असतील तर मी ४५ मागतो.

याच्याशी जोडलेल्या दोन गोष्टी तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) नीट समजावून द्याव्यात. पहिली: इंजिन चालू होत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागत असेल, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिन चालू होताच लगेच उघडावा. स्टार्टरवर इंजिन फिरते तेव्हा पंप पाणी टाकतच राहतो, पण ते बाहेर ढकलायला गॅसचा जोर नसतो. टाकी भरते आणि पुढचे पाणी टर्बोकडे आणि सिलिंडरकडे जाते. दुसरी: पाणी सोडण्याची जागा समुद्राच्या पातळीखाली किंवा तिच्या १५ सेंटीमीटरच्या आत असेल, तर पाण्याच्या नळीला पातळीच्या बरीच वर नेलेली कमान आणि तिच्या माथ्यावर हवा घेणारा अँटी-सायफन व्हॉल्व्ह लागतोच. तो नसेल तर इंजिन बंद असतानाही समुद्र सायफनने आत येत राहतो. हा व्हॉल्व्ह मिठाने चिकटतो, म्हणून अधूनमधून उघडून गोड्या पाण्याने धुवावा.

बॅक प्रेशरची मर्यादा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि तिच्यापुढे कोणाचाही अनुभव ग्राह्य धरू नये. टर्बो डिझेलसाठी ती बऱ्याचदा ७० ते १०० सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाच्या दाबाइतकी आढळते. दाब मर्यादेबाहेर गेला की काळा धूर येतो, पूर्ण वेगाच्या फेऱ्या मिळत नाहीत, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि टर्बोचे आयुष्य घटते. होजचा व्यास कमी करण्याचा मोह इथेच महागात पडतो: तेवढ्याच गॅससाठी घर्षणाचा दाब व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे पाच इंचांचा होज चार इंचांवर आणला की तो सुमारे तिप्पट होतो. चार इंची सायलेन्सर स्वस्तात मिळतो आहे म्हणून दोन रिड्यूसर (व्यास बदलणारे जोड) लावून बसवणारे मिस्त्री आहेत. त्यांना बोटीवर चढू देऊ नये.

हा दाब मोजायला महागडे उपकरण लागत नाही. दीड मीटर उंचीच्या फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून बांधावी, मधोमध मोजपट्टी चिकटवावी आणि शाईचा थेंब टाकलेले पाणी निम्म्यापर्यंत भरावे. टर्बोनंतर पण पाणी मिसळण्याआधीच्या कोरड्या भागात प्लग काढून जोडणी घ्यावी. गॅस तापलेला असतो, म्हणून पहिला मीटरभर तांब्याची नळी लावून मग प्लास्टिकची जोडावी. पूर्ण भारावर एका बाजूचे पाणी ३० सेंटीमीटर खाली आणि दुसऱ्या बाजूचे ३० वर गेले, तर दाब ६० सेंटीमीटर आहे, ३० नव्हे. ही चूक जाणत्या फिटरकडूनही होते. मोजणी सध्याच्या उघड्या होजवर आधी एकदा करावी. आताच दाब मर्यादेच्या जवळ असेल, तर एल्बो मिठाने आणि काजळीने आतून आवळला आहे असे समजून तो आधी उघडावा.

ट्रकच्या सायलेन्सरबद्दल फार लिहायला नको. तो कोरड्या गॅससाठी असतो. ओल्या भागात बसवला तर कोमट खारे पाणी आणि डिझेलच्या धुरातले आम्ल त्याच्या वेल्डिंगच्या सांध्यांतून पोखरत जातात, आणि भोक पडल्यावर पाणी बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) व धूर केबिनमध्ये येतो. बाजारात स्टेनलेस या एका शब्दावर माल खपतो, पण स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ एल या प्रतींत खाऱ्या पाण्यात मोठा फरक आहे, आणि फटीत साचलेल्या पाण्यात ३१६ एलसुद्धा कुरतडले जाते. कोरड्या भागात बसवला तर फायबरच्या बंद इंजिनरूममध्ये शेकडो अंश तापलेला पत्रा ठेवल्यासारखे होईल. कोळ्यांच्या मासेमारी बोटींवर उभा कोरडा पाइप दिसतो हे खरे, पण तो लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टन) करून उघड्या हवेत वर नेलेला असतो. आपल्या बोटीत ती सोय नाही. आग न पसरवणाऱ्या रेझिनमध्ये केलेला फायबरचा मरीन सायलेन्सर आपल्यासाठी योग्य.

पाण्याखालचा एक्झॉस्ट खरोखरच सर्वांत शांत असतो, हे मित्राचे म्हणणे बरोबर आहे. पण तो तळाला मोठे भोक पाडून, बाहेरून योग्य आकाराची ओठी देऊन, आणि मंद गतीसाठी पातळीच्या वर वेगळी सुटका-नळी ठेवून करावा लागतो. नाहीतर बोट थांबलेली असताना गॅसला पाण्याचा पूर्ण दाब ढकलावा लागतो. शिवाय मूरिंगवर उभ्या बोटीच्या अशा तोंडात बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) झपाट्याने वाढतात. नवी बोट बांधताना मी त्याचा विचार करीन. तयार बोटीच्या तळाला त्यासाठी भोक पाडणार नाही.

जोडणीचे सामान निवडताना होजवर एसएई जे२००६ असा छाप पाहावा. हे मरीन एक्झॉस्टच्या ओल्या होजचे प्रमाण आहे. रेडिएटरचा किंवा डिझेल सक्शनचा होज दिसायला सारखा असला तरी चालत नाही. नागदेवी स्ट्रीटवर क्लॅम्प हवे तेवढे मिळतात, पण लोहचुंबक आणि नखाने तपासून घ्यावेत: पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साधा, असा माल सर्रास असतो, आणि गंजतो तो स्क्रूच. प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, मोठ्या व्यासाला टी-बोल्टचे. होज चढवताना साबणाचे पाणी वापरावे. तेल किंवा ग्रीस रबराला फुगवते. सायलेन्सरला स्वतःचा पाया आणि पट्टे हवेत. पाण्यासह त्याचे वजन तीस-चाळीस किलो होऊ शकते, आणि ते एल्बोवर लटकले तर लाटांच्या हिसक्यांनी एल्बोचा किंवा टर्बोचा फ्लँज तडकतो.

सायलेन्सर बसल्यावर एक सवयीचा पहारेकरी मात्र आपण गमावतो. जुना तांडेल एक्झॉस्टचा आवाज कोरडा झाला की पाणी थांबल्याचे ओळखतो. मुंबईच्या पाण्यात प्लास्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या तोंडावर बसणे किंवा स्ट्रेनर (गाळणी) गाळाने भरणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि गढूळ पाण्यातल्या बारीक रेतीने पंपातला इम्पेलरही (पाणी ढकलणारे चाक) लवकर झिजतो. बोट शांत झाली की ही सूचना उशिरा कळते, आणि तोवर होज व फायबरचा सायलेन्सर भाजू लागलेले असतात. म्हणून एल्बोनंतरच्या होजवर तापमानाचा सेन्सर आणि सुकाणूपाशी कर्कश अलार्म हा या कामाचाच भाग समजावा. बजेट कमी पडले तर सायलेन्सर पुढच्या वर्षी बसवावा, अलार्म आधी. डिझेलमध्ये कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा बरेच कमी असले तरी मागचे पडदे सोडलेल्या बोटीत धूर मागच्या फळीवरून आत ओढला जातो, त्यामुळे केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचाही डिटेक्टर असावा.

कामाची वेळ पावसाळ्यापूर्वीची निवडावी. जून ते ऑगस्टमध्ये बोट वर काढलेली असते म्हणून सगळे तेव्हाच फायबरचे काम काढतात, पण त्या दमट हवेत उघड्यावर केलेले लॅमिनेशन नीट पिकत नाही. मागच्या फळीतले तोंड हलवायचे असेल किंवा नवे भोक पाडायचे असेल, तर कापण्याआधी सर्व्हेअरला आणि विमा कंपनीला कळवावे.

चाचणीसाठी पूर्ण वेगाच्या धावा लागतात, आणि त्या गेटवे–घारापुरीच्या वाटेवर घेऊ नयेत. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट ज्या प्रवासी बोटीवर आदळली, ती याच वाटेवर होती. मोकळ्या पाण्यात, नेहमीच्या भाराने, आधी घेतलेली सगळी मापे पुन्हा घ्यावीत: पूर्ण वेगाच्या फेऱ्या, बॅक प्रेशर, होजचे तापमान, आवाज. फेऱ्या पूर्वीइतक्या मिळाल्याच पाहिजेत. आवाजाला कसोटी हवी असेल तर युरोपचा २०१३ चा निर्देश घ्यावा. ४० किलोवॉटवरच्या एका इंजिनासाठी त्यात ७५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि मोजमाप बाजूने जाणाऱ्या बोटीपासून २५ मीटरवर होते.

पहिल्या वीस-पंचवीस तासांच्या वापरानंतर होज बसतो आणि क्लॅम्प सैल होतात, म्हणून ते पुन्हा आवळावेत व बिल्जमध्ये काजळी मिसळलेले पाणी दिसते का ते पाहावे. वॉटरलॉक घेतला असेल तर त्याच्या तळाचा प्लग हाताला येईल अशा बाजूला वळवून टाकी बसवावी. परदेशी पुस्तिका तो प्लग हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून उघडायला सांगतात. आपल्याकडे तो चिखलासाठी लागतो: मोसम संपून बोट वर काढली की प्लग उघडून, गोडे पाणी सोडून, स्वच्छ पाणी येईपर्यंत टाकी धुऊन काढावी, कारण खाडीचा गाळ तळाशी साचला की इंजिनाकडे पाणी येऊ नये म्हणून आपण मोजून ठेवलेली लिटरांची जागा तेवढीच कमी होते.